जुनी होडी विकत घेण्याआधी तपासणी का आणि कशी करावी?

वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही. पण कारंजा तालुक्यातील अडाण, वाशिम शहराजवळील एकबुर्जी असे जलाशय आहेत. जलाशयात मासेमारी करायची तर होडी लागते. नवी परवडत नसेल, तर जुनी शोधली जाते. ती दुसऱ्या तलावावरची असेल किंवा थेट कोकणातली. ताजा रंग मारला की कुठलीही होडी चांगलीच दिसते; दोष रंगाखाली असतात. म्हणून पूर्ण पैसे देण्याआधी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी.

तपासणी कोणी करावी?

मोठ्या बोटीसाठी मरीन सर्व्हेअर असतात. लहान होडीसाठी होडी बांधणारा अनुभवी कारागीर आणि इंजिनचा मेकॅनिक पुरेसा आहे. अट एकच: तो विकणाऱ्याचा माणूस नसावा आणि त्याची फी घेणाऱ्याने द्यावी.

तळ आणि बाजू

होडी पाण्याबाहेर काढूनच पाहावी.

- फायबर: लहान हातोडीने हलके ठोकून पाहतात. आवाज टणक आला तर ठीक. भद्द आला तर आतले थर सुटलेले किंवा पाणी मुरलेले असू शकते. बारीक फोड हीही पाणी मुरल्याची खूण असते. इंजिन जिच्यावर बसते त्या मागच्या फळीत बहुधा प्लायवूड असते. ते कुजले असेल तर दुरुस्ती महागात पडते.
- लाकूड: सांधे आणि तळ टोकदार हत्याराने टोचून पाहतात. हत्यार सहज रुतले तर लाकूड कुजले आहे. समुद्रात वापरलेल्या होडीचे लाकूड शिपवर्म नावाच्या जीवाने आतून पोखरलेले असू शकते.
- लोखंड: अल्ट्रासोनिक यंत्राने पत्र्याची जाडी मोजतात. गंजाने पत्रा किती पातळ झाला, हे त्यातून कळते.

इंजिन

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे. आधीच गरम करून ठेवले असेल, तर सुरू होण्यातली अडचण लपते. फोर स्ट्रोक इंजिनाचे तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. समुद्रात चाललेल्या इंजिनाच्या थंड करणाऱ्या नळ्यांत क्षार साचतात, तेही पाहावे. शेवटी होडी वजनासह पाण्यात चालवून पाहावी.

कागदपत्रे

यांत्रिक नावांच्या सर्वेक्षणाचे आणि नोंदणीचे नियम अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 मध्ये आहेत. त्याआधी 1917 चा कायदा लागू होता. समुद्रातील मासेमारी नौकांची नोंदणी वेगळी असते. कागदावरचा इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनाशी जुळवावा आणि कर्ज बाकी नाही याची खात्री करावी. सर्वेक्षणाचा दाखला त्या दिवशीची स्थिती सांगतो, आजची नाही.

किती माणसे बसू शकतात?

सप्टेंबर 2021 मध्ये अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीत नाव उलटून 11 जणांचा जीव गेला. क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवणे हे अशा अपघातांचे नेहमीचे कारण आहे. त्यामुळे होडी किती वजन सुरक्षितपणे पेलते, हे तपासणाऱ्याकडून लिहून घ्यावे. लाइफ जॅकेटही मोजावीत.

अहवालाचे काय करावे?

किरकोळ दोष असतील, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगता येतो. तळ किंवा मागची फळी कुजली असेल, तर व्यवहार सोडावा. विकणारा तपासणीच करू देत नसेल, तरीही सोडावा.