दाखल नोंदवहीची पहिली 11 पानं

शाळेच्या ग्रंथालयात सगळ्यात मोलाचं काय असतं? मला विचाराल तर दाखल नोंदवही. पुस्तक आलं की त्याला नंबर पडतो आणि तारीख, नाव, किंमत, कुठून आलं, हे सगळं या वहीत लिहिलं जातं. आमच्या गावच्या जिल्हा परिषद प्रशालेची ही वही मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा हातात घेतली. दहावी होऊन 29 वर्षं झाली. विद्यार्थी होतो तेव्हा जाळीच्या कपाटाला कुलूप असायचं, वही तर लांबच राहिली.

वहीची पहिली 11 पानं उर्दूत आहेत.

नव्या पोरांना याचं नवल वाटेल, म्हणून सांगतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हायस्कूलला फोकानिया म्हणायचे आणि शिकवणं उर्दूतून. घरी मराठी बोलणारी पोरं वर्गात भूगोल-गणित उर्दूत शिकायची. म्हणून तर आपल्याकडच्या कित्येक आजोबांना अर्ज लिहायचा म्हटलं की उर्दूच सुचायची.

बाराव्या पानापासून मराठी सुरू होते. अक्षर बदलतं, शाई बदलते. मग किमतीच्या रकान्यातले रुपये-आणे-पै जातात आणि नये पैसे येतात, कारण 1 एप्रिल 1957 पासून देशात दशमान नाणी आली. शिक्के बघत गेलं तर आणखी गंमत. आधी हैदराबाद. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, म्हणून मग मुंबई राज्य. 1960 नंतर महाराष्ट्र, आणि 1962 ला जिल्हा परिषदा आल्यावर जिल्हा परिषद. गाव जागचं हललं नाही, पण तीन राज्यं बघून झाली! इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत उरकतात. इथं ते एकाच कपाटात दिसतं.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1955 सालीच केला होता. महाराष्ट्राचा कायदा आला 1967 ला. मागास म्हणून हिणवला जाणारा हा भाग या बाबतीत पुढे होता. पण महाराष्ट्राचा कायदा सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आहे. त्यांना अ, ब, क, ड असा दर्जा मिळतो आणि त्याप्रमाणे अनुदान. शाळेतलं ग्रंथालय त्यात बसत नाही, ते शिक्षण खात्याकडे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं हवीत असं लिहिलंय. ती सांभाळायची कुणी, ते नाही लिहिलेलं. आमच्याकडे चावी सध्या शिपायाकडे आहे, आणि खरं सांगतो, त्या माणसानेच आजवर वाळवीपासून कपाटं वाचवली.

आता मुद्द्याचं. ती खोली डिजिटल वर्गासाठी हवी आहे आणि 'जुनी, फाटकी पुस्तकं' निर्लेखित करून रद्दीत काढायचा प्रस्ताव आहे. डिजिटल वर्गाला माझा विरोध नाही, पोरांना तो मिळालाच पाहिजे. फाटक्या गाईडांसाठी मी रडणारही नाही. जे बाजारात मिळतं ते परत आणता येईल. बालभारतीच्या 'किशोर'चे 1971 पासूनचे जुने अंक तर आता मोबाईलवरही वाचता येतात.

पण त्याच यादीत 14 हस्तलिखितं आहेत. दरवर्षी पोरं स्वतःच्या अक्षरात काढायची ती, पुठ्ठ्याची बांधणी आणि वर रंगीत चित्र. 1973 च्या अंकात नववीतल्या एका मुलीने दुष्काळावर लिहिलंय. आई खडी फोडायला जायची, कामावर सुकडी मिळायची, रेशनच्या लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरत नव्हती. मुकादम हजेरी कशी मांडायचा हेसुद्धा तिने लिहून ठेवलंय. 1972 च्या दुष्काळावर सरकारी अहवाल मिळतील. खडी फोडणाऱ्या बाईच्या लेकीने त्याच वर्षी लिहिलेलं कुठं मिळणार? त्याची दुसरी प्रत नाही. रद्दीच्या भावात त्या 14 वह्यांचे शंभर रुपयेसुद्धा यायचे नाहीत.

मुख्याध्यापकांशी बोललो. माणूस चांगला आहे. म्हणाले, यादी वजनावर केली, उघडून कुणी बघितलंच नाही. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक सोमवारी 11 वाजता आहे. हस्तलिखितं आणि दाखल नोंदवही यादीतून वगळावी, त्यांचे स्कॅन करावेत आणि मूळ प्रती शाळेतच एका लोखंडी कपाटात ठेवाव्यात, एवढंच लेखी मागणार आहोत. कपाटाचा खर्च 1990 ते 2000 च्या बॅचनी वाटून घ्यायचं जवळपास ठरलंय.

माजी विद्यार्थ्यांनी सोमवारी यावं. आणि ज्यांना जुनं हाताने लिहिलेलं उर्दू वाचता येतं त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. त्या 11 पानांत कोणती पुस्तकं होती, ते आम्हाला अजून वाचता आलेलं नाही.