सन्नतीची शिला

आम्हा कित्येक मराठी घराण्यांची कुलदेवता सन्नतीची चंद्रलांबा. कलबुर्गी जिल्ह्यातील या क्षेत्री आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जात आलो. १९८६ साली तिच्या आवारातील कालिकामंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीच्या पीठाची शिला अशोकाचा शिलालेख असल्याचे उघड झाले. ओडिशातील धौली येथेही कोरलेल्या या आज्ञांत राजा सर्व माणसांना आपली अपत्ये म्हणतो आणि विनाकारण कोणास बंदिवास वा छळ घडू नये, अशी अधिकाऱ्यांना ताकीद देतो. १९२७ साली महाडला पाण्याच्या हक्कासाठी लढलेल्या डॉ. आंबेडकरांनी समतेचे तत्त्व बुद्धापासून घेतल्याचे १९५४ साली सांगितले आणि १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा घेतली. ज्या शिलेपुढे आम्ही नतमस्तक झालो, तिचा आशय मात्र आमच्या पंगतीत व पाणवठ्यावर आम्ही पाळला नाही.