अर्ध्या मिलिमीटरचे मोल
रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत यशस्वी झाले. त्याला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने हे तंत्र आपल्या विहिरींवर आणले. त्यांच्या ६६१ घनसेंटिमीटरच्या इंजिनात हवा साडेसतरा पट दाबली जाते. हेड गॅस्केट अर्धा मिलिमीटर जाड बसले, की हे प्रमाण साडेसोळाच्या खाली उतरते आणि थंडीत इंजिन कुरकुरते. फार पातळ बसले, तर पिस्टन हेडवर आदळतो. अंबडच्या कारखान्यांत मोजमाप मायक्रॉनमध्ये चालते. गावचा मिस्त्री शिशाची तार पिस्टनवर ठेवून हेड आवळतो, चाक फिरवतो आणि चपटलेली तार मोजतो. त्या मापावरच पिकाचे पाणी अवलंबून असते.