घरातले प्रश्न, विधानसभेत

भगिनींनो, राजकारण हा आपल्या बायकांचा प्रांत नव्हे, असे मीही पूर्वी मानीत असे. मृणालताई गोरे यांचे कार्य वाचून तो समज गळून पडला. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत गेल्या. पाण्यासाठी इतक्या झगडल्या की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. १९७२ साली त्या आमदार झाल्या. त्याच सुमारास महागाईविरुद्ध त्यांनी बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले. १९८५ साली पुन्हा निवडून आल्यावर गर्भलिंगचाचणीविरुद्ध त्यांनी विधेयक मांडले आणि १९८८ साली देशातला असा पहिला कायदा महाराष्ट्रात झाला. पाणी, धान्य, पोटची लेक! यांतले परके काय? २०१२ साली ताई गेल्या. आता सुनेला त्या चाचणीस कधी नेणार नाही, एवढे तरी आपण पाळू या.