ऑटोमेशन टेस्टमध्ये पेज लोड होण्याची वाट कशी पाहायची?

ॲप उघडलं की आधी करड्या पट्ट्या दिसतात किंवा गोल फिरत राहतं आणि मग खरा मजकूर येतो, हे तुम्ही रोज बघता. आपण माणसं तोवर बोट आवरतो. पण ब्राउझर चालवणाऱ्या ऑटोमेशन स्क्रिप्टला ही समज नसते. कधी थांबायचं आणि किती, हे तिला सांगावं लागतं. यालाच टेस्टिंगच्या भाषेत 'वेट' म्हणतात.

पेज 'लोड झालं' म्हणजे नक्की काय?

सेलेनियममध्ये पेज उघडायची कमांड दिली की ती ब्राउझरची 'कम्प्लीट' ही अवस्था येईपर्यंत थांबते. म्हणजे एचटीएमएल, स्टाइल, चित्रं आली. पण आजकाल खरी माहिती त्यानंतर जावास्क्रिप्ट सर्व्हरकडून मागवते. या पद्धतीला 2005 मध्ये 'एजॅक्स' हे नाव मिळालं. सेलेनियम त्याच्या एक वर्ष आधीचं, 2004 मध्ये शिकागोत जेसन हगिन्स यांनी थॉटवर्क्समध्ये असताना बनवलेलं. थोडक्यात, ब्राउझर 'झालं' म्हणतो तेव्हा निम्मं काम बाकी असू शकतं.

आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीच्या फेरीबोटीची वाट पाहिली असेल तर हे पटकन कळेल. बोट खाडीत दिसली म्हणून कुणी बाइकला किक मारत नाही. ती धक्क्याला लागली पाहिजे, रॅम्प खाली आला पाहिजे, पलीकडून आलेल्या गाड्या उतरल्या पाहिजेत. वेब पेजवरही तीन वेगळ्या गोष्टी आहेत: बटण डॉममध्ये असणं, ते डोळ्यांना दिसणं आणि ते दाबण्याजोगं असणं.

स्लीप: सोपा आणि घातक

'पाच सेकंद झोप, मग क्लिक कर' ही स्लीपची पद्धत. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी सगळीकडे तेच लिहायचो. नंतर एकदा गणपतीला आगरदांड्यात होतो आणि मोबाइल हॉटस्पॉटवरून एका तिकीट बुकिंग फॉर्मच्या टेस्ट चालवल्या. पुण्यात हिरव्या असणाऱ्या 40 पैकी बऱ्याच टेस्ट लाल झाल्या. 'नेट स्लो आहे' म्हणत मी पाचाचे पंधरा सेकंद केले. सगळं हिरवं! फक्त आता नुसत्या झोपण्यातच दहा मिनिटं जात होती.

संध्याकाळी सहज फोनवर तोच फॉर्म उघडला, तर भाडं यायच्या आधीच 'पैसे भरा' बटण चालू होतं आणि रक्कम शून्य दिसत होती. दाबलं, तर शून्य रुपयांचं बुकिंग पुढे सरकलं. म्हणजे त्या लाल टेस्ट खरंच बग दाखवत होत्या आणि मी स्लीप वाढवून तो झाकला होता. दुसऱ्या दिवशी रिलीज होतं. फोन करून ते थांबवलं, थोडी बोलणी खाल्ली.

इम्प्लिसिट आणि एक्स्प्लिसिट

इम्प्लिसिट वेट एकदाच सेट करतात आणि तो प्रत्येक एलिमेंट शोधताना लागू होतो. सेलेनियममध्ये तो मुळात शून्य असतो. पण तो फक्त एलिमेंट डॉममध्ये सापडेपर्यंत थांबतो, दिसतंय का, चालू आहे का हे बघत नाही.

एक्स्प्लिसिट वेट म्हणजे अट: 'भाड्याच्या जागी शून्याऐवजी दुसरी रक्कम येईपर्यंत थांब, जास्तीत जास्त दहा सेकंद.' वेबड्रायव्हरवेट दर अर्ध्या सेकंदाला अट तपासतो आणि पूर्ण झाली की लगेच पुढे जातो. दहा सेकंद ही वरची मर्यादा आहे, रोजचा खर्च नाही. माझं मत विचाराल तर इम्प्लिसिट शून्यच ठेवा. दोन्ही एकत्र वापरले तर थांबण्याचा वेळ भलताच होऊ शकतो, असं सेलेनियमचं डॉक्युमेंटेशनही बजावतं.

2020 मध्ये आलेलं मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट क्लिकच्या आधी स्वतःच बघतं की बटण दिसतंय, हलत नाहीये, चालू आहे आणि दुसऱ्या कशाखाली झाकलेलं नाही. पण तुमच्या पेजवर भाडं यायला हवं होतं, हे त्याला कुठून कळणार? ती तपासणी तुम्हीच लिहायची. त्यात 'नेटवर्क आयडल'चा पर्यायही आहे, म्हणजे अर्धा सेकंद एकही नेटवर्क कनेक्शन चालू नसणं. टेस्टसाठी तो टाळाच. पेजवर लाइव्ह चॅट असेल तर ती शांतता कदाचित कधीच येणार नाही.

हमखास फसवणाऱ्या जागा

'स्पिनर गायब होईपर्यंत थांब' ही अट स्पिनर दिसायच्या आधीच तपासली गेली तर लगेच पूर्ण होते! 'एरर दिसत नाही' ही तपासणी कोऱ्या पेजवरही पास होते. म्हणून आधी जे यायला हवं ते आलं का, हे तपासा.

आणि माझ्यासारखा बग पकडायचा असेल तर खाडीकाठी जायची गरज नाही. प्लेराइटमध्ये सर्व्हरची रिक्वेस्ट मधेच अडवता येते. भाड्याचं उत्तर मुद्दाम तीन सेकंद उशिरा येऊ द्या आणि तेवढ्या वेळात 'पैसे भरा' बंद आहे ना, हे तपासा. आमच्या फॉर्मची ही टेस्ट आता रोज रात्री चालते, आणि तिच्यात स्लीपची एकही ओळ नाही.