एकोणसाठ म्हणजे नक्की किती?



"त्याचं गणित कच्चं आहे हो," हे आपल्याकडे किती सहज म्हणतात! त्यातल्या काहींना मुळात आकड्यांची भाषाच नीट पोचत नाही, हे जगाला कळायला फार वर्षं लागली.

सुरुवात झाली मेंदूला इजा झालेल्या मोठ्या माणसांपासून. हिशेबाची गेलेली शक्ती म्हणजे 'अकॅल्क्युलिया', हे नाव स्वीडनच्या हेन्शेन यांनी दिलं. व्हिएन्नाच्या गेर्स्टमान यांनी १९२४ मध्ये एका रुग्ण बाईबद्दल लिहिलं. तिला स्वतःच्या हाताची बोटं ओळखता येत नव्हती आणि हिशेबही जमत नव्हता. (आपण बोटांवर मोजणाऱ्या पोराला हसतो!) पण हुशार, निरोगी मुलांतही हे जन्मतःच असू शकतं, ही गोष्ट ठामपणे मांडली ती १९७४ मध्ये ब्रातिस्लाव्हाच्या कोश्च यांनी. त्यांच्या पाहणीत अशी मुलं सुमारे ६ टक्के निघाली. म्हणजे चाळीसच्या वर्गात दोन-तीन.

या सगळ्यात मला सर्वात आवडलेला किस्सा मात्र डॉक्टरांचा नाही, टेलिफोनवाल्यांचा आहे. नॉर्वेत २५ ला आपल्यासारखंच 'पाच-आणि-वीस' म्हणत. फोन नंबर सांगताना ऐकणारा उलटसुलट लिहायचा. टेलिफोन खात्याने तगादा लावला, प्रकरण संसदेत गेलं आणि १ जुलै १९५१ पासून सरकारी पद्धत झाली 'वीस-पाच'! म्हातारी मंडळी जुनंच बोलत राहिली. दोन्ही अजून ऐकू येतं.

आता आपली मराठी बघा. 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र नंतर. 'एकोणसाठ' तर कहरच: कानावर साठ पडतं, लिहायचं ५९. 'पावणेपाच' ही चक्क वजाबाकी. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशी जोड वाचनपद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधानसभेतही विनोद झाले. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, ही फक्त सोपी वाट आहे. मला त्यांचं पटलं होतं. शब्दांमुळे डिस्कॅल्क्युलिया होत नाही हे खरं, पण ज्याला आधीच धाप लागते त्याच्या वाटेत आणखी पायऱ्या कशाला?

खरं तर महाराष्ट्र या बाबतीत मागे नव्हता. १९९६ मध्येच राज्याने अशा मुलांना सवलती दिल्या. दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं गणित घेता येऊ लागलं. इथे ब्रिटनमध्ये शिक्षण खात्याच्या मार्गदर्शनात डिस्कॅल्क्युलियाची व्याख्या आली ती २००१ मध्ये. पण सवलत परीक्षेपुरती. बसची वेळ, सुटे पैसे, फोन नंबर यांना कुठली सवलत?

माझी लेक नऊ वर्षांची. तिला हे आहे. इंग्रजीत ती कशीबशी सावरते, मराठी आकडे आले की गप्प होते, आणि मग आजीशी बोलणंच टाळते. त्याचं मला गणितापेक्षा जास्त वाईट वाटायचं. आता घरात आम्ही आकडा बोलतो तसा लिहूनही दाखवतो, नंबर दोन-दोन अंकांत तोडून सांगतो आणि उत्तराची घाई करत नाही. आईला सुरुवातीला हे लाडावणं वाटलं. हल्ली ती 'पावणेपाचला फोन करते' म्हणत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं ४:४५ पाठवते, आणि लेक फोन उचलते.

तुमच्या घरी मुलं कोणते आकडे बोलतात?