शिवडीत जुळलेल्या गाड्या

आलिशान गाड्यांचा विषय निघाला की आपल्याकडे संस्थानिक आणि सिनेनट एवढीच माणसं आठवतात. कुठल्या नवाबाकडं किती रोल्स रॉइस होत्या, कुठल्या नटाची इम्पाला कुठल्या रंगाची होती, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. शिवडीचं नाव मात्र कुणी घेत नाही. ४ डिसेंबर १९२८ रोजी जनरल मोटर्स इंडिया या कंपनीच्या शिवडीतल्या कारखान्यातून एक शेवरोलेट बाहेर पडली. हिंदुस्थानात मोटारींची जुळणी करणारा कारखाना काढणारी ही पहिली कंपनी. आज आपण ज्याला 'लक्झरी सिडॅन'चा शौक म्हणतो त्याचा मुंबईतला एक मोठा धागा या कारखान्यापासून सुरू होतो.

जुळणी म्हणजे काय ते आधी सांगतो. अख्खी गाडी जहाजातून आणली तर ती जागा खूप अडवते. म्हणून इंजिन, सांगाडा, पत्रे, चाकं, काचा वेगवेगळ्या खोक्यांत भरून आणायच्या आणि इथं जोडायच्या. त्यासाठी शिवडीइतकी सोयीची जागा मुंबईत क्वचितच सापडली असती. एका बाजूला बंदर, पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे, गोदामं. दुसऱ्या बाजूला परळ-लालबागच्या गिरण्या. यंत्राची सवय असलेला कामगार चालत येण्याच्या अंतरावर राहत होता. आपल्याकडं गाडीचं सुकाणू उजवीकडं लागतं. ब्रिटिश साम्राज्यातल्या अशा देशांसाठी जनरल मोटर्सचा बराचसा माल कॅनडातल्या ओशावा इथून निघे. म्हणजे कॅनडात भरलेलं खोकं शिवडीत फुटायचं आणि त्यातून निघालेली गाडी एखाद्या वकिलाच्या नाहीतर शेठजीच्या दारात उभी राहायची. ती जोडणारा माणूस ट्रामनं घरी जायचा.

ती पहिली शेवरोलेट 'नॅशनल' मालिकेतली होती. चार सिलिंडर, ३५ अश्वशक्ती. शेवरोलेटला चारही चाकांना ब्रेक त्याच वर्षी आले, नाहीतर त्याआधी फक्त मागच्या चाकांच्या भरवशावर गाडी थांबवायची! पण ती सिडॅन नव्हती. ती टूरिंग, म्हणजे वर कापडी टप असलेली उघडी गाडी होती. मुंबईच्या पावसात अशा गाडीत बसणं म्हणजे छत्री धरून चालण्यापेक्षा थोडंसंच बरं. पुढच्या काही वर्षांत बंद गाडीनं उघडीला मागं टाकलं. १९३५च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सनं अखंड पोलादी छत द्यायला सुरुवात केली आणि सिडॅन हीच नेहमीची मोटार ठरली.

भाषा शिकवणाऱ्या माणसाला इथं थोडं रेंगाळावंसं वाटतं. युरोपात 'सिडॅन चेअर' नावाची एक बंद खुर्ची असे. दोन भोई ती उचलून नेत, आत बसलेल्याला ना ऊन लागे ना चिखल. मोटारीला ते नाव तिथून मिळालं. आपल्या मराठीत यासाठी तयार शब्द होता, मेणा. हा शब्दही फारसीतल्या 'मियाना'वरून आलेला, मियाना म्हणजे मधल्या आकाराची पालखी. तेव्हा सिडॅनला मराठीत मेणा म्हणायला काहीच हरकत नव्हती; भोई तेवढे बॉनेटखाली गेले.

शिवडीच्या कारखान्यातून शेवरोलेटबरोबर ब्युइक आणि व्हॉक्सहॉलही निघत, बेडफर्डचे ट्रकही. यातली ब्युइक ही खरी ऐटीची गाडी. १९३१पासून तिला एका रांगेत आठ सिलिंडर असत आणि १९३८पासून पुढच्या-मागच्या चारही चाकांना कॉइल स्प्रिंग. त्या काळात बहुतेक गाड्यांच्या मागच्या बाजूला टांग्यासारखे पट्ट्यांचे कमानपाटे असायचे. त्यामुळं ब्युइकमध्ये बसलेल्याला रस्ता कुठं संपला आणि खड्डा कुठं सुरू झाला हे लवकर कळायचं नाही. चालवणाऱ्याचं काम मात्र सोपं नव्हतं. पॉवर स्टिअरिंग नाही, एवढं लांब बॉनेट समोर, आणि भेंडीबाजारातल्या वळणावर हातगाडी आडवी! अशा गाडीचा ड्रायव्हर दंडानं ओळखू येत असे असं जुनी माणसं सांगत. १९४९पासून ब्युइकच्या पुढच्या मडगार्डवर गोल भोकं आली. तीन असली तर साधी, चार असली तर रोडमास्टर. माझ्या पिढीतल्या शौकिनांनाही हा हिशेब तोंडपाठ आहे.

फाळणीच्या सुमारास मुंबई पेटलेली असताना अशीच एक मोटार मंटोच्या लेखणीतून गेली आहे. 'गंजे फ़रिश्ते'मधल्या अशोककुमारवरच्या लेखात तो सांगतो, की अशोककुमार त्याला स्वतःच्या गाडीतून घरी सोडायला निघाला आणि गाडी थेट मुसलमान वस्तीत शिरली. समोरून वरात येत होती. मंटोचा जीव भीतीनं गोळा झाला. या माणसाला आज माझ्या लोकांच्या हातून काही झालं तर काय, ही ती भीती. लोकांनी गाडी अडवली नाही. अशोककुमारला ओळखून त्यांनी पुढचा रस्ता सोडून बाजूच्या गल्लीतून जायला सांगितलं. मोटारीचा इतिहास लिहिणारे हा प्रसंग नोंदवत नाहीत. मला तो गाडीच्या किमतीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. बंद गाडीत बसलं म्हणजे बाहेरच्या शहरापासून सुटका होते असं थोडंच आहे?

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९४९ला पूर्ण बनलेल्या मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३मध्ये टॅरिफ कमिशननं म्हटलं, की ज्यांना भाग इथंच बनवायचे आहेत त्यांनाच धंदा करू द्यावा, नुसतं खोकं उघडून जोडणाऱ्यांना नको. १९५४ला शिवडीचा कारखाना बंद झाला, फोर्डनंही आपलं बिऱ्हाड आवरलं. या निर्णयाला नावं ठेवणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. मी त्यांच्यात नाही. वालचंद हिराचंद यांनी तीसच्या दशकापासून देशी मोटार कारखान्यासाठी धडपड केली, विश्वेश्वरय्यांनी त्यासाठी योजना आखून दिली, आणि युद्धकाळात इंग्रज सरकारनं त्यांना साथ दिली नाही. १९४४ला स्थापन झालेल्या त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना शिवडीपासून फार लांब नाही, कुर्ल्यालाच होता. पंचवीस वर्षं शिवडीत गाड्या जोडूनही जनरल मोटर्सनं इंजिन काही इथं ओतलं नाही. कमिशनचा राग समजण्यासारखा आहे.

पण गिऱ्हाइकाचे हाल झाले हेही खरं. नवी गाडी म्हणजे फियाट, अ‍ॅम्बॅसॅडर, पुढं स्टँडर्ड हेराल्ड. पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं थांबायचं. मोठी परदेशी सिडॅन हवी तर वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन विकायची, तिथं बोली लावायची. तेवढी ऐपत नसलेला शौकीन जुनी ब्युइक, जुनी शेवरोलेट घ्यायचा आणि मग त्याची गाठ मिस्त्रीशी पडायची.

या मिस्त्रींबद्दल लिहावं म्हणूनच खरं तर हा लेख. कंपनी गेली, सुटे भाग येणं आटलं, तरी त्या गाड्या आणखी तीस-चाळीस वर्षं चालल्या. कशा चालल्या? चोरबाजार, ऑपेरा हाउस, पुढं कुर्ला इथल्या पार्टवाल्यांमुळं आणि गल्लीतल्या उस्तादांमुळं. न मिळणारा भाग खरादवर कातून घ्यायचा, ट्रकचा पिस्टन घासून बसवायचा, मडगार्डचा पत्रा हातोडीनं ठोकून मूळ गोलाईवर आणायचा. यात मुसलमान कारागीर मोठ्या संख्येनं होते. त्यांच्या बोलीत उर्दू, मराठी आणि मोडकं इंग्रजी एकाच वाक्यात नांदायचं. आपण सामानाच्या कप्प्याला आजही 'डिकी' म्हणतो, ती खरं म्हणजे जुन्या दोन-सीटर गाडीच्या पाठीमागं उघडणारी जादा बैठक. जादा चाकाला 'स्टेपनी' म्हणतो, ते वेल्समधल्या एका कंपनीचं नाव. इंग्रज हे दोन्ही शब्द जवळपास विसरले. आपल्या गॅरेजांनी जपले.

मात्र उस्ताद-शागिर्दीचं कौतुक करताना शिक्षक म्हणून माझी जीभ अडखळते. शागिर्द म्हणजे सातवीत शाळा सोडलेला पोरगा, वर्ष-दोन वर्षं रॉकेलमध्ये पार्ट धुणारा. हात सोन्याचा व्हायचा, कागद एकही मिळायचा नाही. १९९५ला टेल्कोच्या पिंपरीतल्या कारखान्यात मर्सिडीजची ई-क्लास जुळू लागली. तीही खोक्यांतूनच, शिवडीसारखी! पुढच्या गाड्यांत कार्ब्युरेटर गेला, सेन्सर आले, दोष शोधायला संगणक लावावा लागू लागला. कानानं इंजिन ओळखणारे उस्ताद एका पिढीत बाहेर फेकले गेले. कंपन्यांच्या वर्कशॉपांना आयटीआयचं प्रमाणपत्र हवं होतं. विंटेज गाड्यांच्या मेळाव्यात अजूनही त्यांच्यातले काही दिसतात. फलकावर मालकाचं नाव असतं, हे फडकं घेऊन मागं उभे.

जनरल मोटर्स १९९६ला ओपेल अ‍ॅस्ट्रा घेऊन गुजरातेतल्या हालोलला परत आली आणि २०१७अखेर तिनं इथली विक्री पुन्हा बंद केली. त्यांच्या शेवरोलेट सिडॅन आता जुन्या बाजारात मिळतात. व्याज टाळायचं म्हणून रोखीनं जुनी गाडी घेणारे आमच्यात काही जण आहेत, मलाही ते अधूनमधून सोबत नेतात. मी एका निवृत्त मिस्त्रींना बरोबर घेतो. विकणारा सनरूफ दाखवत असतो, पडदा दाखवत असतो. चाचा आधी ऑइलचं झाकण उघडून उलटं करून पाहतात, मग थंड इंजिन सुरू करायला सांगतात. गरम करून ठेवलेलं असेल तर गाडी न बघताच बाहेर पडतात. मोठ्या जर्मन सिडॅनची किंमत सात-आठ वर्षांत कोसळते, पण सस्पेन्शनचा खर्च नव्या गाडीचाच राहतो, हे ते प्रत्येकाला ऐकवतात. ऐकतो कुणीच नाही.

मागच्या थंडीत अशीच घेतलेली एक जुनी मर्सिडीज घेऊन आम्ही शिवडीहून अटल सेतूवर चढलो. सुमारे बावीस किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर, एका फेरीचा टोल अडीचशे रुपये. शंभरच्या वेगाला गाडी इतकी शांत होती की चाचांनी काच खाली केली. म्हणाले, बंद गाडीत इंजिन ऐकूच येत नाही.